मेणबत्तीला कोणता रंग द्यावा? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

शोभेच्या मेणबत्त्या घरी करणाऱ्या वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत वातीविषयी थोडी असतात, साच्यांविषयी त्याहून थोडी आणि रंगांविषयी सर्वांत जास्त. या वेळचे सदर म्हणून केवळ रंगांसाठी ठेवले आहे. एकसारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र केली असून प्रत्येक प्रश्न थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी मेणबत्त्या करण्यास नुकतीच सुरुवात केली आहे. वितळलेल्या पॅराफिन मेणामध्ये खाण्याचा द्रवरूप लाल रंग घातला, तर त्याचे थेंब तळाशी जाऊन बसले आणि मेण तडतडू लागले. नंतर मेणखडू वितळवून घातले, तेव्हा रंग फार सुंदर आला, पण मेणबत्ती थोडा वेळ जळून विझू लागली. माझे दोन्ही वेळा नेमके काय चुकले?

उत्तर : दोन्ही वेळा चूक एकच आहे. आपण रंग त्याची छटा पाहून निवडलात. तो मेणात विरघळतो की नाही, हे आधी पाहायला हवे होते. खाण्याचा द्रवरूप रंग पाण्यात विरघळवलेला असतो आणि मेण हा तेलाच्या जातीचा पदार्थ आहे. पाणी मेणात मिसळत नाही, शिवाय ते वितळलेल्या मेणापेक्षा जड असते, म्हणून थेंब तळाशी बसतात. मेण शंभर अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे तापलेले असेल, तर त्या थेंबांची एकदम वाफ होते आणि ती मेण उसळवत बाहेर पडते. आपण ऐकलेली तडतड ती हीच; त्यातून हात भाजू शकतो, तेव्हा हा प्रयोग पुन्हा करू नये. खाण्याचा कोरडा रंग घेतला तरी अडचण सुटत नाही, कारण तोही पाण्यातच विरघळणारा असतो आणि मेणात त्याचे नुसते ठिपके दिसतात.

मेणखडूची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली, तर पुढची बरीचशी उत्तरे आपोआप मिळतात. मेणबत्तीत मेण हे इंधन असते. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधील सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने वर चढते, वरच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे मेणात आपण जे काही मिसळतो, त्याला याच अरुंद वाटेने वर जावे लागते. मेणात पूर्णपणे विरघळलेला रंग मेणाबरोबर सहज वर जातो. मेणखडूत मात्र रंगद्रव्याचे, म्हणजे पिगमेंटचे, न विरघळणारे बारीक कण असतात. ते वातीच्या फटींत साचत जातात. सुरुवातीला ज्योत ठीक दिसते, कारण वात अजून मोकळी असते. मग ज्योत लहान होते, वातीला काजळी धरते आणि शेवटी मेण वर चढेनासे झाले की ज्योत मालवते.

म्हणून जी मेणबत्ती आतून-बाहेरून एका रंगाची करायची आहे, तिच्यासाठी तेलात विरघळणारे रंगच घ्यावेत. असे रंग मेणबत्तीसाठी म्हणून भुकटी, वड्या, चकत्या आणि द्रव अशा स्वरूपांत मिळतात. वेष्टनावर रंगाचे आंतरराष्ट्रीय सूचीतील नाव दिलेले असेल, तर ते अवश्य वाचावे, कारण त्या नावातच रंगाची जात लिहिलेली असते. ‘सॉल्व्हंट रेड २४’ या नावातील ‘सॉल्व्हंट’ हा शब्द सांगतो की, हा रंग तेलासारख्या द्रावकांत विरघळतो. नावाच्या सुरुवातीला ‘पिगमेंट’ असेल, तर ते कण आहेत. ‘ॲसिड’, ‘डायरेक्ट’ किंवा ‘रिॲक्टिव्ह’ असेल, तर तो कापड रंगवण्याचा, पाण्यात विरघळणारा रंग आहे आणि मेणासाठी निरुपयोगी आहे.

नाव छापलेले नसेल, तर घरी एक सोपी परीक्षा करता येते. काचेच्या लहान बाटलीत थोडे कोमट, रंगहीन लिक्विड पॅराफिन (पातळ खनिज तेल) घ्यावे, चिमूटभर रंग घालून ढवळावे आणि बाटली रात्रभर हलवू नये. सकाळी द्रव स्वच्छ, पारदर्शक आणि रंगीत दिसला, तर तो रंग मेणाचा. तळाशी गाळ आणि वर फिकट द्रव दिसला, तर तो कणांचा. त्याच द्रवाचा एक थेंब टीपकागदावर टाकून पाहावा. विरघळलेला रंग तेलाबरोबर कागदात दूरवर पसरत जातो, कण मात्र थेंब पडला तेथेच बसून राहतात. वातीत पुढे जे घडणार आहे, ते आपल्याला कागदावर आधीच दिसते, म्हणून मला ही परीक्षा फार आवडते आणि नवा रंग आणला की मी ती आजही करते.

प्रश्न : रंग नेमका किती घालावा? भांड्यात गर्द दिसणारे मेण साच्यातून काढल्यावर फिकट निघते. म्हणून पुढच्या वेळी जास्त रंग घातला, तर मेणबत्ती जवळजवळ काळी झाली. एकाच रंगाच्या दोन मेणबत्त्याही सारख्या येत नाहीत.

उत्तर : मेणबत्तीला रंग फार थोडा लागतो, इतका थोडा की प्रथम विश्वास बसत नाही. भुकटीच्या स्वरूपातील चांगला रंग असेल, तर एक किलो पॅराफिनला फिकट छटेसाठी साधारण ०.१ ते ०.२ ग्रॅम, मध्यम छटेसाठी अर्धा ग्रॅम आणि गडद छटेसाठी एक ग्रॅमच्या आसपास रंग पुरतो. वड्या, चकत्या आणि द्रव रंग यांची तीव्रता प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते, म्हणून त्यांच्या बाबतीत वेष्टनावरील प्रमाण हेच खरे धरावे आणि तेथे कमाल मर्यादा दिली असेल, तर ती ओलांडू नये.

आता अडचण अशी की, घरातील काट्यावर ०.१ ग्रॅम मोजता येत नाही, आणि ‘चिमूटभर’ हे माप दर वेळी वेगळे पडते. आपल्या दोन मेणबत्त्या सारख्या येत नाहीत याचे कारण बहुधा हेच असावे. यावर उपाय म्हणजे रंगाचे विरजण करून ठेवणे. ९९ ग्रॅम पॅराफिन वितळवून सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, त्यात एक ग्रॅम रंग घालून तो पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे, हे मेण सपाट ताटलीत पातळ ओतावे आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडाव्यात. या वड्यांत रंग एक टक्का असतो. म्हणजे दहा ग्रॅम वडीत बरोबर ०.१ ग्रॅम रंग येतो आणि दहा ग्रॅम कोणत्याही काट्यावर नीट मोजता येतात. एक किलो मेणाला वीस ग्रॅम वडी घातली आणि छटा पसंत पडली, तर वहीत तेवढेच लिहून ठेवायचे; वर्षभराने तीच छटा पुन्हा मिळते. भुकटी हाताळण्याचे कामही एकदाच करावे लागते. ते करताना हातमोजे घालावेत, नाकावर मुखपट्टी असावी आणि पंखा बंद ठेवावा, कारण हे रंग बारीक उडतात, श्वासात जातात आणि जेथे बसतात तेथून सहजासहजी निघत नाहीत.

रंग मेणात टाकताना मेण पुरेसे गरम असले पाहिजे. मेण जेमतेम वितळलेले असताना घातलेली भुकटी विरघळत नाही, तळाशी बसते आणि मेणबत्तीच्या एका बाजूला गडद शिंतोडे उमटतात. ८० ते ८५ अंशांना रंग घालून दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे, आणि तो विरघळल्याची खात्री झाल्यावरच सुगंध घालावा. मेण नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच तापवावे. थेट आचेवर तापमान हाताबाहेर जाते, रंग करपून मळकट होतो आणि साधारण २०० अंशांच्या पुढे मेणाची वाफ पेट घेऊ शकते.

भांड्यातील आणि साच्यातील छटा वेगळी दिसते, याचे कारण रंगात नाही. वितळलेले पॅराफिन पारदर्शक असते; घट्ट होताना त्यात स्फटिक तयार होतात, ते प्रकाश विखुरतात आणि रंगात जणू पांढरा मिसळल्यासारखे दिसते. सोया मेणात हे फारच जाणवते. भांड्यात माणकासारखा दिसणारा लाल तेथे गुलाबी होऊन बाहेर येतो आणि वरून पांढरट बुरशीसारखी स्फटिकांची झाकही धरते, जी गडद रंगावर अधिक उठून दिसते. सोया मेण वापरणाऱ्यांनी म्हणून फिकट, दुधी छटांवर प्रेम करावे असे मला वाटते. त्या छटा सोया मेणाइतक्या मऊ दुसऱ्या कोणत्याही मेणात येत नाहीत. मधमाश्यांचे मेण स्वतःच पिवळे असते. त्यात निळा घातला, तर हिरवट छटा येते आणि गुलाबी घातला, तर केशरीकडे झुकते, त्यामुळे शुद्ध निळा हवा असल्यास त्याचे विरंजित, पांढरे मेण घ्यावे. पॅराफिनमध्ये पाच ते दहा टक्के स्टिअरिक आम्ल (चरबी-तेलांपासून मिळणारा मेणासारखा घट्ट पदार्थ) घातले, तर मेणबत्ती अधिक अपारदर्शक आणि कडक होते, रंग विरघळण्यासही मदत होते. मात्र छटा किंचित फिकी पडते, हे धरून चालावे.

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून छटा पाहण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. रंग किती गर्द दिसेल, हे प्रकाशाला किती जाडीच्या मेणातून जावे लागते यावर ठरते. कागदावरचा थेंब मिलिमीटरभर जाडीचा आणि मेणबत्ती सात सेंटिमीटर जाडीची, तेव्हा दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. आपली पुढची मेणबत्ती काळी झाली ती यामुळेच असणार. थेंबावरून रंग कोणत्या बाजूला झुकतो एवढेच पाहावे आणि त्याची खोली ठरवण्यासाठी खऱ्या जाडीचा एक लहान नमुना ओतून, तो एक दिवस तसाच ठेवून मग निर्णय घ्यावा.

प्रश्न : मी केलेल्या जांभळ्या मेणबत्त्या खिडकीजवळ ठेवल्या होत्या, त्या काही आठवड्यांत राखाडी पडल्या. पांढऱ्या मेणबत्तीत लाल मेणाची फुले जडवली होती, त्यांच्याभोवती गुलाबी वलये उमटली. आणि सुगंध घातलेली पांढरी मेणबत्ती रंग न घालताच तपकिरी झाली. हे सर्व निकृष्ट रंगामुळे झाले का?

उत्तर : या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांतील तिसरीचा रंगाशी काहीच संबंध नाही. सुगंधात व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य) असले, तर ते हवा आणि प्रकाश यांच्या संपर्कात हळूहळू तपकिरी होते आणि मेणालाही तशीच छटा येते. हा बदल पूर्णपणे थांबवता येत नाही. ज्या सुगंधात व्हॅनिलिन आहे, त्याच्यासाठी पांढरा किंवा फिकट निळा रंग निवडू नये. साय, मध, बदामी, तपकिरी अशा छटा घ्याव्यात, म्हणजे झालेला बदल त्या छटेत सामावून जातो. पांढराच रंग हवा असेल, तर व्हॅनिलिन नसलेला सुगंध घ्यावा.

जांभळा रंग उडाला तो प्रकाशामुळे. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो म्हणून तर तो रंगीत दिसतो. पण शोषलेली ही ऊर्जा, विशेषतः अतिनील किरणांची, कधी कधी त्या रेणूलाच तोडते. सर्व रंग सारखे टिकत नाहीत. अँथ्राक्विनोन वर्गातील निळे आणि जांभळे रंग साधारणपणे ॲझो वर्गातील रंगांपेक्षा प्रकाशात अधिक टिकतात. चमकदार फ्लुओरेसंट रंग सर्वांत लवकर उडतात. जांभळी मेणबत्ती लाल आणि निळा रंग मिसळून केलेली असेल, तर त्यांतील एक आधी उडतो आणि दुसरा मागे राहतो, म्हणून जांभळ्याचे एकदम पांढरे न होता मधली मळकट राखाडी अवस्था येते. शक्य असेल तेव्हा मिश्रणाऐवजी एकाच रंगाचा तयार जांभळा घ्यावा. मेणासाठी अतिनील किरण शोषणारे पदार्थही मिळतात. बेंझोफेनोन आणि बेंझोट्रायझोल वर्गातील हे पदार्थ उत्पादकाने सांगितलेल्या अल्प प्रमाणात घातले, तर रंगाचे आयुष्य वाढते. तरीही मेणबत्तीची जागा खिडकीत नव्हे, आणि विकण्यासाठी केलेल्या मेणबत्त्यांच्या बाबतीत हे ग्राहकालाही स्पष्ट सांगावे.

लाल फुलांभोवतीची वलये ही मात्र मला सर्वांत शिकवून गेलेली गोष्ट आहे. अनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या मागणीसाठी मी पांढऱ्या आणि गर्द लाल थरांच्या मेणबत्त्या केल्या होत्या. खोक्यात भरताना थरांच्या रेषा सुरीने कापल्यासारख्या होत्या. पंधरा दिवसांनी खोकी उघडली, तेव्हा पांढरा थर कडेने गुलाबी झाला होता आणि सगळा माल पुन्हा नव्याने करावा लागला. विक्रेत्याने रंग योग्य जातीचाच दिला होता. विरघळणाऱ्या रंगाचे रेणू लहान असतात आणि घट्ट मेणातूनही ते जास्त रंगाकडून कमी रंगाकडे सरकत राहतात. उन्हाळ्यात आणि सुगंधी तेल जास्त असलेल्या मऊ मेणात अधिक वेगाने. वातीसाठी जो गुण आपण शोधतो, तोच गुण येथे आड येतो.

म्हणून जेथे दोन रंगांमधील रेषा स्वच्छ राहायला हवी आणि तो भाग वातीपासून दूर आहे, तेथे पिगमेंटच वापरावे. त्याचे कण जागचे हलत नाहीत आणि ते प्रकाशातही टिकतात. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, निळ्यासाठी अल्ट्रामरीन, गेरू आणि तपकिरी छटांसाठी लोहाची ऑक्साइडे ही अशी विश्वासाची पिगमेंटे आहेत. जडवण्याची फुले, पाने आणि बाहेरची नक्षी यांसाठी पिगमेंट आणि गाभ्यासाठी विरघळणारा रंग, असे काम वाटून दिले की दोघांचेही गुण उपयोगी पडतात.

प्रश्न : मला रासायनिक रंग वापरायचे नाहीत. हळद, बीट, सुकवलेल्या फुलांची पूड यांनी मेणबत्त्या रंगवता येतील का? नैसर्गिक रंग अधिक सुरक्षितही असतील ना?

उत्तर : निवड आपली आहे आणि काही नैसर्गिक रंग मेणात खरोखर सुंदर उतरतात, पण त्यांनाही विरघळण्याची तीच कसोटी लागू होते. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो मेणात उतरत नाही. फुलांची आणि पानांची पूड म्हणजे वनस्पतीचे कण. ते वात अडवतात, शिवाय तापल्यावर आणि पुढे ठेवणीत बहुतेक सर्व तपकिरी होतात. नीळही मेणात विरघळत नाही, म्हणून ती पिगमेंटसारखीच समजावी.

मेणात उतरणाऱ्या रंगांत रतनजोताच्या मुळाला मी पहिला क्रमांक देईन. त्यातील अल्कॅनिन तेलात विरघळते आणि लालसर जांभळी छटा देते. मुळाचे तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ७० ते ८० अंशांच्या मेणात तासभर ठेवावेत, पुरचुंडी काढून मेण पुन्हा गाळून घ्यावे. मेणात आम्लाचा अंश असला, तर छटा लालीकडे झुकते. शेंद्रीच्या बियांवरील बिक्सिन याच पद्धतीने पिवळा ते नारिंगी रंग देते. हळदीतील कर्क्युमिन थोडेफार उतरते, पण पूड गाळून काढावीच लागते आणि प्रकाशात हा पिवळा रंग फार लवकर उडतो. नैसर्गिक रंगांत गडद, ठाम छटा मिळत नाहीत आणि दोन खेपांची छटा तंतोतंत जुळत नाही, हे मान्य असेल, तरच या वाटेने जावे.

सुरक्षिततेविषयी मात्र मला आपल्याशी सहमत होता येत नाही. एकोणिसाव्या शतकात लाल मेणबत्त्यांत हिंगूळ घालत असत. हिंगूळ खाणीतून निघणारे नैसर्गिक खनिज आहे, परंतु ते पारा आणि गंधक यांचे संयुग आहे. त्याच काळात हिरव्या मेणबत्त्यांसाठी शेलेचा हिरवा वापरला जात होता. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनज्ञाने १७७५ मध्ये तयार केलेल्या या रंगात तांबे आणि आर्सेनिक असते, आणि मेणबत्ती पेटली की ते विष खोलीच्या हवेत मिसळत असे. म्हणून रंग कोठून आला यापेक्षा तो जळल्यावर त्याचे काय होते, हे विचारावे. मेणबत्तीसाठी म्हणून विकले जाणारे, घटक जाहीर केलेले रंग घ्यावेत, आणि चित्रकलेचे, कापडाचे किंवा भिंतीचे उरलेले रंग मेणात कधीही घालू नयेत.

प्रश्न : गडद काळी आणि गर्द मरून मेणबत्ती करताना रंग मर्यादेतच घातला, तरी ती नीट जळत नाही, वातीच्या टोकाला गोळा धरतो आणि धूर येतो.

उत्तर : विरघळणारा रंगही प्रमाणाबाहेर गेला, किंवा मर्यादेच्या अगदी काठावर असला, की वातीवर भार पडतो. त्यामुळे फिकट मेणबत्तीत उत्तम जळणारी वात गडद मेणबत्तीत जळेलच असे नाही. छटा बदलली की वात नव्याने तपासावी. वात सुमारे सहा मिलिमीटर उंचीवर कापून मेणबत्ती सलग तीन-चार तास जाळावी, आणि ज्योत खुजी होऊन मेणाच्या तळ्यात बुडू लागली, तर एक क्रमांक जाड वात घेऊन पाहावी. टोकावर गोळा धरून धूर येत असेल, तर प्रथम रंग आणि सुगंध कमी करून पाहावेत, कारण तेथे जाड वात घेतल्यास धूर वाढण्याचीच शक्यता असते. काळा रंग हा बहुधा अनेक रंगांचे मिश्रण असतो. तो कमी घातला, तर जांभळट किंवा हिरवट झाक उघडी पडते आणि ती झाकण्यासाठी आपण रंग वाढवत जातो. काळ्यासाठी काजळी किंवा कोळशाची पूड घालण्याचा मोह होतो, पण तिच्या कणांनी वात हमखास अडते.

यावर एक जुना आणि अतिशय चांगला उपाय आहे. मेणबत्ती पांढरी किंवा फिकट त्याच रंगाची ओतावी आणि तिला बाहेरून गडद मेणाचा लेप द्यावा. खोल, उभट भांड्यात गडद रंगवलेले पॅराफिन ७० ते ७५ अंशांना ठेवून मेणबत्ती वातीला धरून त्यात दोन-तीन सेकंद बुडवावी, बाहेर काढून अर्धा-एक मिनिट थांबावे आणि पुन्हा बुडवावी. तीन बुडव्यांत खोल काळा रंग मिळतो. मेण फार थंड असेल, तर लेप जाड आणि खडबडीत बसतो. फार गरम असेल, तर आधीचा लेपच वितळून निघतो. लेप पातळ असल्यामुळे त्यात पिगमेंटही चालते, कारण जळण्याचे मेण बहुतांशी आतल्या फिकट गाभ्यातूनच येते. रंग उडण्याचे प्रमाणही त्यामुळे कमी राहते. मात्र जाड मेणबत्तीची कड उभी राहिली पाहिजे, लेप वितळून वातीकडे ओघळता कामा नये, याची चाचणी जाळून पाहूनच करावी.

प्रश्न : तयार मेणबत्तीवर ॲक्रिलिक रंगाने चित्र काढले तर चालेल का? आणि सोनेरी मायका (अभ्रकाची चमकदार पूड) व चमकी (ग्लिटर) मेणातच मिसळावी का?

उत्तर : ॲक्रिलिक रंग म्हणजे वाळल्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा होय. तो मेणावर नीट धरत नाही, आणि मेणबत्ती जळत खाली आली की त्याचे तुकडे वितळलेल्या मेणात पडून वातीपर्यंत पोहोचतात. चित्रासाठी मेणातच पिगमेंट कालवलेला रंग वापरावा. पातळ केलेल्या मेणात पिगमेंट घोटून तो घरीही करता येतो आणि कोमट ब्रशने लावता येतो.

मायका जळतही नाही आणि विरघळतही नाही. ती मेणात मिसळली, तर बरीचशी तळाशी बसते, उरलेली वात अडवते आणि झळाळी मेणाच्या आत हरवून जाते. तीच पूड कोरड्या मऊ ब्रशने तयार मेणबत्तीच्या उठावदार नक्षीवर हलकेच घासली, तर चिमूटभरात सगळी नक्षी उजळते. चमकी बहुधा प्लॅस्टिकची असते. वितळलेल्या मेणातून ती वातीजवळ गोळा होते आणि तेथे तिला आग लागून ज्योत भडकू शकते. जी मेणबत्ती कधीतरी पेटवली जाणार आहे, तिच्यावर चमकी नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दिवसा सुरेख दिसणारी माझी गडद निळी मेणबत्ती रात्री पेटवल्यावर काळपट दिसते. तसेच रंगीत मेणबत्तीची ज्योत त्याच रंगाची करता येईल का?

उत्तर : ज्योतीचे आधी सांगते. मेणातील रंग ज्योतीला रंग देत नाही, कारण ज्योतीचा पिवळा उजेड तिच्यातील तप्त काजळीच्या कणांचा असतो. रंगीत ज्योतीसाठी धातूंचे क्षार आणि वेगळ्या प्रकारचे इंधन लागते. ते काम घरी करण्याचे नाही.

निळ्याचे कारणही त्या ज्योतीतच आहे. मेणबत्तीच्या प्रकाशाचे रंग-तापमान साधारण १९०० केल्व्हिन असते, म्हणजे त्यात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो. निळ्या वस्तूला परतवण्यासाठी निळा प्रकाशच मिळाला नाही, तर ती काळपट दिसणारच. याउलट लाल, नारिंगी, मधाळ पिवळे रंग ज्योतीजवळ आतून पेटल्यासारखे दिसतात. निळाच हवा असेल, तर तो फिकट घ्यावा, मेण थोडे दुधी ठेवावे आणि त्याच्या शेजारी नारिंगी किंवा पिवळसर पांढरा रंग ठेवावा. विरोधी रंगांच्या शेजाराने प्रत्येक रंग अधिक उठून दिसतो, हा नियम फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला. ते पॅरिसमधील गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते, आणि आपण मेणात घालतो त्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचे १८२५ मधील पेटंटही त्यांच्या आणि रसायनज्ञ गे-ल्युसॅक यांच्या नावावर आहे. मेणबत्तीचा पदार्थ आणि तिच्या रंगांची जोडणी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अभ्यासातून आल्या, याचा मला प्रत्येक वेळी आनंद वाटतो.

पुढच्या वेळी रंग निश्चित करताना नमुना खिडकीपाशी पाहून झाला की खोली अंधारी करावी, शेजारी एक साधी पांढरी मेणबत्ती लावावी आणि त्या उजेडात तो नमुना पुन्हा एकदा पाहावा.